चावणारी वहाण

फार पूर्वीचं एक गाव होतं. नवी वहाण महिनाभर पायाला चावते तीच पक्क्या कातड्याची, असा तिथल्या लोकांचा ठाम समज होता. त्यामुळे घरोघरी टाचांना फोड असायचे, फोडांना तेल असायचं आणि कुणी कुरकुर केलीच तर तो नाजूक ठरायचा.

या गावात वहाणा करणारा एक कारागीर राहत होता. त्याच्या मुलीला लहानपणापासून एकच नाद. लोक कसे चालतात ते बघायचं आणि तसंच चालून दाखवायचं. पाटील टाचांवर भार देऊन, पोट पुढे काढून चालत. पंतोजी काटे चुकवल्यासारखे तुरुतुरु जात. मुलगी एकदाच बघे आणि हुबेहूब पाटील होई. पोरं हसून हसून लोळायची.

एके दिवशी खुद्द पाटलांनीच ते पाहिलं. कारागिराला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याने मुलीला जवळ बसवून समजावलं, की ज्यांच्या पायांवर आपलं पोट भरतं, त्यांच्या पायांची थट्टा आपण करू नये. पुन्हा असं करणार नाही, असा शब्द मुलीने दिला आणि तो पाळलाही.

वर्षं गेली. कारागीर थकला, कातडं शिवायची आरी मुलीच्या हातात आली. तिचा टाका सरळ आणि काम चोख होतं. पण सगळ्या गावाला एकच साचा. तोच तळ, बोट अडकवायचा तोच अंगठा. दिवसभर हात चालायचे, मन मात्र कुठेच लागायचं नाही. काम म्हणजे असंच असतं, अशी तिने स्वतःची समजूत घातली होती.

एके सकाळी गावची सुईण दारात आली. आसपासच्या चार वाड्यांमधली निम्मी माणसं तिच्याच हातांवर जन्मली होती, ही मुलगीसुद्धा.

"मला वहाणांचा नवा जोड करू नकोस, पोरी," सुईण म्हणाली. "गुडघा साथ देत नाही आता. डोंगरावरच्या वाडीत एकीचे दिवस भरत आलेत. तिला सांगून टाकलं, माझी वाट बघू नकोस म्हणून."

दुसरी सुईण जवळपास नव्हती. सुईण लंगडत निघून गेली.

मुलगी ती दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिली. मग उठली आणि अंगणात तिच्यासारखी चालू लागली. एक फेरी झाली, दुसरी झाली. तिसऱ्या फेरीला तिच्या स्वतःच्याच गुडघ्यात कळ आली. डावं पाऊल बाहेरच्या बाजूला कलत होतं आणि सगळा भार गुडघ्यावर येत होता.

कारागीर दारातून बघत होता. "तू मला शब्द दिला होतास," तो म्हणाला.

मुलगी थांबली. "आबा, मी थट्टा करत नाही. त्यांना कुठे दुखतं ते बघतेय. दुसऱ्या कशाने मला ते कळत नाही."

म्हातारा आत गेला. त्याने जपून ठेवलेलं मऊ कातडं काढून दिलं.

मुलीने साचा बाजूला ठेवला. डाव्या तळाच्या बाहेरच्या काठाला एक थर जास्त दिला, अंगठा सैल केला. त्या दिवशी तिला जेवणाचीही आठवण राहिली नाही.

सुईणीने जोड घालून अंगणात फेरी मारली. "चावत कशी नाही ही?" तिने संशयाने विचारलं. तरी पुढच्याच आठवड्यात ती डोंगर चढून गेली. बाळ पायाळू होतं. ती नसती तर बाळ-बाळंतीण दोघंही हाती लागली नसती.

बातमी गावात पोचली तेव्हा कारागिराचे डोळे भरून आले. "एवढी वर्षं मीच तुला अडवलं," तो म्हणाला.

"नजर माझी असेल, आबा, पण हात तुमचा आहे," मुलगी म्हणाली. "तुम्ही टाका शिकवला नसता तर नुसतं बघून मी काय केलं असतं? तुमचे उपकार फिटायचे नाहीत."

दुसऱ्या दिवसापासून म्हातारा दारात बसू लागला. वहाण मागायला कुणीही आलं, अगदी पाटील आले तरी, तो हात जोडून सांगायचा, "आधी जरा अंगणात चालून दाखवा. माझ्या लेकीला बघू द्या."

यातून घ्यायचं तात्पर्य: मूल ज्यात रमतं ते हसण्यावारी नेऊ नये. त्या नादाला चांगलं वळण मिळालं आणि तो कुणाच्यातरी गरजेला उपयोगी पडला, की त्यातूनच त्याला मनासारखं काम सापडतं.