भागाबाईंचा आवाज

एका डोंगराच्या माथ्यावर मंत्रविद्येची एक शाळा होती. आषाढात ती भरायची आणि ज्येष्ठात वार्षिक परीक्षा झाली की सुटायची. तिथली मुलं ढग वळवत, वाळक्या फांदीला पालवी आणत, पण सकाळी उठायचं म्हटलं की सगळ्यांच्या अगदी जिवावर येई. त्यांना उठवायचं काम स्वयंपाकीण भागाबाईंकडे होतं. भागाबाईंच्या एका हाकेत शाळा जागी व्हायची आणि दुसऱ्या हाकेत दरीपलीकडची कुत्रीसुद्धा.

त्या वर्षी पहिल्या वर्गात सगुणा नावाची मुलगी आली. मुलगी हुशार होती, आणि हे तिला कोणी सांगावं लागत नव्हतं. पहिल्याच आठवड्यात तिने मौनमंत्र पाठ केला. तो खरं तर किरकिरणाऱ्या किड्यांवर वापरायचा. पण एका सकाळी भागाबाईंची हाक ऐकून ती वैतागली आणि पांघरुणातूनच तिने तो मंत्र स्वयंपाकघराच्या दिशेने पुटपुटला. हाक अर्ध्यातच तुटली. सगुणाबाई कूस बदलून पुन्हा झोपल्या.

भागाबाईंचा आवाज गेला. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं, त्यामुळे जे काही होतं ते आवाजातच होतं.

शाळेच्या मुख्य गुरुजींना सगळे पंतोजी म्हणत. त्यांनी सगळ्यांना अंगणात उभं केलं. "हे मंत्राचं काम आहे," ते म्हणाले. "ज्याने आवाज घेतला त्यालाच तो परत देता येईल, मलाही नाही. वार्षिक परीक्षेच्या दिवशी सूर्य मावळेपर्यंत मुदत आहे. त्यानंतर मंत्र कायमचा मुरेल. कोणी केलं हे?"

भागाबाई एकेका मुलाच्या तोंडाकडे पाहत होत्या. सगुणाने खाली मान घातली.

कोणी कबूल न होता आठ दिवस गेले. नवव्या दिवशी एका लहान मुलाने चुलीवरून नुकतंच उतरवलेलं पातेलं उघड्या हाताने धरलं. भागाबाईंनी ओरडायला तोंड उघडलं, पण आवाज फुटला नाही. पोराचे दोन्ही तळवे भाजले. सगुणा दारातच उभी होती. ती तशीच पंतोजींकडे गेली आणि सगळं सांगून मोकळी झाली.

पंतोजी रागावले नाहीत. ते म्हणाले, "मोडायचा मंत्र कुठल्याच पोथीत नाही. तुझ्या मंत्राने त्या बाईचं काय काय नेलं, ते एकेक नाव घेऊन परत करायचं. एक जरी राहिलं तरी काही मिळणार नाही."

"आवाजच तर नेला! त्यात नावं कसली घ्यायची?"

"जा, बघ मग."

सगुणा दाराशी अडखळली. "पंतोजी, भागाबाईंना सांगणार तुम्ही?"

"मी कशाला सांगू? ते तुझं काम आहे."

सगुणाने ते काम पुढे ढकललं. बाकीच्या कामाला मात्र ती अशी भिडली की पाहणाऱ्याने थक्क व्हावं. रोज सगळ्यांच्या आधी उठून ती स्वयंपाकघरात जाऊ लागली. लाकडं लावायची, पीठ मळायची, आणि भागाबाईंचे ओठ कुठे कुठे हलतात ते पाहून वहीत लिहायची. दुधाजवळ आलेल्या मांजराला हाकलणं. ओढ्यापलीकडच्या लाकूडवाल्याला भारे किती हवेत ते ओरडून सांगणं. भाकरी थापताना स्वतःशी गुणगुणणं. घरच्या आठवणीने रडणाऱ्या मुलाला "ये रे, गूळ देते" म्हणणं. श्रावण संपेपर्यंत वही अर्धी भरली. वर्गातली मुलं पाण्यावर चालायला शिकली, आणि सगुणा अजून पहिल्या धड्यावरच होती.

एका बाजारच्या दिवशी भागाबाई हातातलं काम टाकून कड्याच्या टोकाला गेल्या. सगुणाही मागोमाग गेली. समोरच्या डोंगरावर भागाबाईंची लेक सासरी नांदत होती. मधली दरी उतरून चढायला दोन दिवस लागत, म्हणून मायलेकी बाजारच्या दिवशी कड्यांवर उभ्या राहून एकमेकींशी बोलत.

"आये! बरी हायेस का गं?" पलीकडून हाक आली.

भागाबाईंनी पदर हलवला, पण दरीत धुकं होतं. हाक पुन्हा आली, मग पुन्हा आली. सगुणाला राहवेना. "बऱ्या आहेत!" ती ओरडली.

"तू कोन? माझी आये कुटं हाय?"

भागाबाई खडकावर बसून रडल्या. सगुणाही रडली. मग भागाबाईंनीच तिचे डोळे पुसले आणि पाठीवरून हात फिरवला. त्या दिवसापासून त्यांनी सगुणाच्या पानावर तूप जास्त वाढायला सुरुवात केली. सगुणाला ते तूप गिळवत नसे, पण ते परत करायची हिंमतही होत नसे.

फाल्गुनात वर्गातला हेरंब तिच्याकडे आला. तो एव्हाना अकरा मंत्र शिकला होता, आणि सगुणाची वही पाहून काय ते ओळखून होता. "कशाला मरतेस?" तो म्हणाला. "पोपटाचा आवाज काढून भागाबाईंना बसवून देतो. एका दिवसाचं काम. मग निवांत अभ्यासाला लाग. कोणाला कळणार आहे?"

"त्यांच्या लेकीला कळेल," सगुणा म्हणाली आणि कणीक मळत राहिली.

परीक्षेचा दिवस उजाडला. सगुणाच्या वहीत तीनशे बारा नावं झाली होती. ती स्वयंपाकघराच्या भिंतीआड उभी राहिली आणि एकेक नाव घेऊन परत करू लागली. शेवटचं नाव झालं. तिने कान दिला. आत फक्त फोडणी तडतडत होती.

तिने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. अंगणात परीक्षेची घंटा झाली. हेरंब धावत आला. "सगुणा, चल! आता नाही आलीस तर याच वर्गात बसशील!"

"बसेन. तू जा."

दुसऱ्यांदाही काही झालं नाही. काय राहिलं? मांजरं, लाकूडवाला, लेक, भाजलेलं पोर, सगळं होतं. ऊन कलायला लागलं. सगुणा भिंतीला पाठ लावून बसली आणि मग तिला कळलं. हे तिला फार आधीपासून ठाऊक होतं, फक्त वहीत लिहायचं तिने टाळलं होतं. ते तिथे भिंतीआडून परत करता येणार नव्हतं. ते परत केलं की पाठीवरचा तो हातही जाणार होता.

ती उठली. आत गेली आणि भागाबाईंच्या समोर उभी राहिली.

"भागाबाई, तुमचा आवाज मी घेतला. झोपमोड झाली म्हणून घेतला. वर्षभर तुमच्या हातचं जेवले आणि सांगितलं नाही. ज्याने हे केलं त्याच्यावरचा राग तुम्ही आतल्या आत ठेवलात, कारण तो बोलून दाखवायला आवाज नव्हता. तो माझ्यावरचा राग मी परत करते आहे."

भागाबाईंच्या हातातला डाव खाली पडला. मग त्यांच्या गळ्यात काहीतरी खरखरलं.

"तू?"

वर्षभरानंतरचा तो पहिला शब्द होता. आणि मग जे सुरू झालं ते काय सांगावं! भागाबाई काय काय बोलल्या ते मी इथे लिहीत नाही, ही गोष्ट लहान मुलंही वाचतात. आमटी करपली, तरी त्या थांबल्या नाहीत. परीक्षा आटोपून आलेली मुलं दारात गोळा झाली. हेरंबने सगुणाला बाहेर ओढायला हात धरला. तिने तो सोडवून घेतला.

"अगं, आवाज आला ना आता? काम झालं तुझं," तो कुजबुजला.

"अजून झालं नाही," सगुणा म्हणाली.

शेवटी भागाबाईंना धाप लागली. "लेकीला माझ्या वाटलं, आये मेली! वरीसभर तसंच वाटलं तिला! आन् मी तुला तूप वाढत व्हते. मी तुला माफ न्हाई करनार. आज न्हाई आन् उद्या न्हाई. ऐकतियास न्हवं?"

"ऐकतेय, भागाबाई."

"मग ऐक!" भागाबाईंनी श्वास घेतला आणि पुन्हा सुरुवात केली.

सगुणाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, पण ती जागची हलली नाही. भागाबाईंचं शेवटचं वाक्य संपेपर्यंत ती तिथेच उभी राहिली.

तात्पर्य: आपण कोणाचं नुकसान केलं असेल, तर ते भरून देताना माफीची वाट पाहू नये, समोर उभं राहून त्याचा राग पुरता ऐकून घेणं हाही त्या भरपाईचाच भाग असतो.