करड्याने दूध सोडले

फार जुनी गोष्ट. एका गवळीवाड्यात करड्या नावाचा कुत्रा होता. खाजवून खाजवून त्याचे अंग सोलवटले होते. "आम्हालाही लागेल," म्हणत बाकीच्या कुत्र्यांनी त्याला हाकलले. तो ओढ्याकाठी एकटाच राही. बाकीचे कुत्रे दूध पिऊन निघून गेले की त्यांच्या दगडी कुंडीतले उरलेले दूध चाटून येई.

ओढ्यावरची म्हातारी गाढवीण एकदा म्हणाली, "अरे, दूध प्यायलास की तुझी खाज वाढते. तुला ते सोसत नाही. सोड."

"त्यांच्यातलं तेवढंच तर उरलंय माझ्याकडे," करड्या रडवेला झाला.

तरी त्याने दूध सोडले आणि नुसत्या भाकरीवर राहिला. हळूहळू अंगावर केस आले. मग कुत्र्यांनीच हाक मारली, "ये रे, दूध प्यायला!"

करड्या धावत गेला आणि कुंडीजवळ नुसताच बसला.

"तुम्ही प्या," तो म्हणाला. "मला फक्त तुमच्यात बसायचं होतं."