नव्वद म्हणजे नव्वद

धान्याच्या कोठ्या करणाऱ्या कारखान्यात गोदाक्का पत्रा वाकवायचं मशीन चालवायच्या. दाब सुटला की पत्रा थोडा उघडतोच, म्हणून काटकोन हवा तिथं त्या तो तीन डिग्री जास्त वाकवायच्या.

नवे मॅनेजर इनामदार भडकले. "नव्वद म्हणजे नव्वद! जास्त वाकवलंत तर उद्यापासून घरी बसा!"

"हे जाड पुठ्ठ्यावर लिहून द्या की, साहेब," गोदाक्का म्हणाल्या. "आणि बरोबर काटकोनात दुमडा. मशीनवर उभं करून ठेवते."

साहेबांनी ऐटीत लिहिलं, दुमडलं. हात काढताच पुठ्ठा फाकला. पुन्हा दुमडला, पुन्हा फाकला. तिसऱ्यांदा वैतागून त्यांनी तो काटकोनाच्याही आत दाबला आणि सोडला.

गोदाक्कांनी शांतपणे गुण्या लावून कोन तपासला.

"आता बसला बघा नव्वदला. पत्राही तुमच्या हुकमासारखाच वाकवते, साहेब."