शेवंतीची एका दमातली इच्छा

ऐका हं, आणि मध्ये चुळबुळ करायची नाही! एक होती शेवंती. वय सहा, डोळे टपोरे, आणि ओठ मात्र जांभूळ खाल्ल्यासारखे निळे. जन्मापासूनच तिच्या इवल्याशा हृदयात एक भोक होतं आणि रक्ताच्या वाटाही उलटसुलट. चार पावलं चालली की बिचारी मटकन खाली बसायची. बाबा नव्हते. आई हातगाडीवर लोकांच्या कपड्यांना कोळशाची इस्त्री करायची.

शहरातल्या दवाखान्यात डॉक्टरांनी आठ तास खपून भोक बुजवलं, वाटा सरळ केल्या. सगळं छान झालं. मग प्रमिलासिस्टरांनी शेवंतीच्या हातात एक खेळणं दिलं. त्यात एक हिरवा, एक पिवळा, एक गुलाबी असे तीन चेंडू आणि एक नळी.

"हे तिन्ही वर गेले पाहिजेत, शेवंताबाई. तरच तुझी फुप्फुसं नीट उघडतील. नाहीतर पुन्हा त्या आयसीयूच्या काचेच्या खोलीत, आईपासून लांब!"

शेवंतीने फूऽऽ करून फुंकलं. निखारे फुलवणाऱ्या आईची लेक ती! चेंडू ढिम्म.

"अगं, फुंकायचं नाही, आत ओढायचं! सरबत ओढतेस तसं."

ओढलं, तर छातीवरचे टाके अस्से दुखले की बाईसाहेबांनी नळीच भिरकावली. "मी नाही जा!" आईने किती आर्जवं केली, पण छे! आई तोंड फिरवून रडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईने तिला दवाखान्याच्या बागेत उन्हात बसवलं आणि ती पेज आणायला गेली. तेवढ्यात बकुळीच्या पानांतून चमचम चमचम करत एक टिचभर परी उतरली. चंदेरी पंख, पोपटी झगुला, पायांत दवाचे पैंजण!

"एक इच्छा माग," परी म्हणाली. "पण एका दमात हं! कुणासाठी, काय आणि कशासाठी, सगळं सांगायचं. दम जिथे तुटेल, तिथपर्यंतचीच फळेल."

'माझं दुखणं थांबू दे,' असंच शेवंती म्हणणार होती. पण खिडकीतून नूरीचं रडू ऐकू आलं. नूरी म्हणजे शेजारच्या खाटेवरची चार वर्षांची चिमुरडी. तिचंही ऑपरेशन झालेलं, अंगात ताप, आणि तीन दिवस पोटात अन्नाचा कण नाही.

"नूरीचा ताप उतरू दे आणि तिला..." संपला की हो दम!

ताप उतरला. पण नूरी काही तोंड उघडेना. तिची अम्मी वाटी घेऊन नुसती बसून.

"आता काय करू गं परी?" खाटेवर परतलेली शेवंती खिडकीतून बकुळीकडे बघत रडवेली झाली.

"उरलेली इच्छा थांबलीये तुझ्यासाठी. दम वाढला की सगळी एका दमात म्हण."

झालं! दम वाढवायला शेवंतीने आपण होऊन ते चेंडूंचं खेळणं मागितलं. टाके ओढायचे, डोळ्यांत टचकन पाणी यायचं. "नूरीसाठी," ती पुटपुटायची आणि पुन्हा ओढायची. संध्याकाळी हिरवा चेंडू हलला. दुसऱ्या दिवशी पिवळा. तिसऱ्या दिवशी गुलाबी चेंडूनेही टुणकन उडी मारली! शेवंती खिडकीशी गेली आणि बकुळीकडे बघून भडाभडा म्हणाली,

"नूरीला खूप भूक लागू दे आणि तिने सगळं खाऊ दे म्हणजे तिची अम्मी हसेल!"

"अम्मी, खिचडी!" मागून नूरी ओरडली. अम्मीच्या हातातला चमचाच पडला. मग काय, हसते काय, मुके घेते काय!

"आणि तुला काही नको?" परीने हळूच विचारलं.

"इच्छा एकच होती ना?"

परी गोड हसली. तिचे पंख सोनेरी झाले, मग केशरी, मग इतके लख्ख की शेवंतीचे डोळेच मिटले. उघडले तर बकुळीवर नुसता उजेड, परी नाही.

इतक्यात डॉक्टर आले. त्यांनी शेवंतीची छाती ऐकली, पाठ ऐकली. "शाब्बास! फुप्फुसं अगदी मोकळी. उद्या घरी!"

आईने लेकीची हनुवटी वर केली. ओठ गुलाबी! खरेखुरे गुलाबी! आई रडली, हसली, डॉक्टरांना हात जोडून पुन्हा रडली. मग अकरा दिवसांत पहिल्यांदा तिने शेवंतीच्या उशीवर डोकं टेकलं, आणि भर दुपारी चक्क घोरायला लागली.

डॉक्टर काहीतरी सांगायला लागले, तर शेवंतीने ओठांवर बोट ठेवलं.

"हळू बोला ना. माझी आई झोपलीये."