येसूचं भुयार

गवळसड्याच्या उगवतीच्या कड्यात कमरेइतक्या उंचीचं जे भुयार दिसतं, त्याला गावात येसूचं भुयार म्हणतात. भर वैशाखात सडा, म्हणजे डोंगरमाथ्याचं उघडं कातळी पठार, पायाला चटके देतो, तेव्हाही त्यातून मनगटाएवढी धार पडत असते.

पूर्वी इथे पाणी नव्हतं. पाऊस धो धो कोसळायचा, पण जांभ्याचा दगड तो पिऊन टाकायचा आणि दिवाळी सरली की गावाचे हाल सुरू. सड्याचा उतार मावळतीला, म्हणून लोकांनी तिकडेच विहिरींमागून विहिरी खणल्या. जांभा संपला की शेडी, म्हणजे पांढरी चिकणमाती लागायची. पाण्याचा मात्र पत्ता नाही. अखेर गावचे मानकरी सोमजी गावकर यांनी सगळ्यांना देवळात जमवलं आणि शिमगा झाला की गाव उठवायचं ठरवलं, असं सांगतात.

येसू ही धोंडू कुंभाराची बायको. गेल्याच साली तिने आपली तान्ही लेक इथल्या मातीत ठेवली होती. तिला एकटीला टाकून जायला येसूचं मन घेईना.

शेडी आणायला ती डोंगराच्या दोन्ही अंगांना जायची. मावळतीच्या कड्यात तो पांढरा पट्टा उंचावर होता, उगवतीला पार खाली आणि एके ठिकाणी खोलगट वाकलेला. मग तिने अंगणात डोंगर मांडला. तळाला मळलेली शेडी, पाहिली होती तशीच उगवतीला कलती. वर जांभ्याची खडी. तिचा माथा मात्र खऱ्या सड्यासारखा मावळतीला उतरता. तिने कळशी ओतली. पाणी खडीत गडप झालं. मावळतीची बाजू कोरडीठाक राहिली, आणि उगवतीला, शेडीला जिथे खोलगट बाक होता तिथून, पाणी पाझरू लागलं!

तिने सोमजींना बोलावून दाखवलं. "काका, पाणी सड्याचा उतार बघत नाही. ते शेडीच्या उताराने जातं."

"अगो, पण हा तुझा हातभर डोंगर. तो मोठा कुणी आतून पाह्यलाय?"

"मग आत शिरून बघू," येसू म्हणाली. आणि पाणी लागेपर्यंत कड्याखालून घरी परतणार नाही, असा तिने ग्रामदेवीला शब्द दिला.

विहीर आडवी खणायची हे ऐकून लोक हसले. तरी पहिली कुदळ सोमजींनीच मारली म्हणे. जिथे पांढरा पट्टा वाकला होता, तिथून खोदत आत गेले. जांभा फुटत होता, कोरडाच. शिमगा आला, एकेक माणूस पालखीकडे निघून गेला. आत येसू आणि धोंडू तेवढे उरले. येसूचा जीव घाबरा झाला. आधाराला तिने शेडीवर हात टेकला, तर ती गार लागली.

"इथे! इथे घाला!" ती ओरडली.

धोंडूने पहार घातली, हिसडा देऊन काढली, आणि पाण्याच्या लोंढ्याने दोघांना उचलून भुयाराबाहेर आणून टाकलं. शेडीने पांढरीफटक झालेली येसू चिखलात बसून हसत होती, रडत होती. धोंडूची हाक ऐकून गाव धावलं. नाचती पालखी तशीच वळली, आणि देवीची पहिली आंघोळ त्या धारेखाली झाली. गाव उठवायचा विषय पुन्हा कुणी काढला नाही.

आजही शिमग्यात गावातली नवी सून मातीचा तसाच डोंगर रचते आणि त्यावर कळशी ओतते. उगवतीला पहिला थेंब दिसेपर्यंत कुणी शब्द काढत नाही. थेंब दिसला, की ढोलांचा असा दणका उठतो, की खाडीपलीकडच्या गावांनाही कळावं, गवळसडेकर अजून इथेच आहेत.