खारीने रंगवलेला कागद

एका जंगलाच्या कडेला, जांभळीच्या ढोलीत एक खार राहत असे. गावातल्या वाण्याच्या दुकानामागे पडलेला साधा खाकी कागद ती उचलून आणी, दगडाखाली दाबून सपाट करी आणि त्यावर भेंडीच्या चकत्यांचे ठसे उठवी. पिवळा रंग हळदीचा, हळदीत चुना कालवला की लाल, आणि जांभळा तर दाराशीच पिकलेला. बारीक ठिपके ती शेपटीच्या टोकाने देई. मुलांनो, त्या कागदात गुंडाळला की चिंचेचा आकडासुद्धा राजाघरचा वाटे!

मग काय, जंगलात कुणाचं लग्न असो की बारसं, सगळे आधी खारीच्या दारात. "कागदच तर आहे, त्याला कितीसा वेळ लागतो?" असं म्हणत जो तो फुकट कागद घेऊन जाई. बिचारीला नाही म्हणता येत नसे. ठसे उठवून पंजे सुजले, चुन्याने शेपटी झडली, आणि दाणे साठवायचे दिवस असेच निघून गेले. बरं, कागद इतका देखणा, की फोडायचं कुणाच्या जिवावर येई. ज्याला आहेर मिळे, तो तसाच पुढच्या घरी देई. हे कोल्ह्याच्या ध्यानात आलं आणि तो आत नुसता वाळका पाला भरू लागला. हळूहळू बाकीचेही तेच करू लागले. खारीला याचा पत्ता नव्हता. तिला कोण आहेर देतंय!

अशात खारीला पिल्लू झालं. ढोलीत दाणा नाही, म्हणून आईच्या अंगावर दूध नाही, आणि पिल्लू रडून रडून मलूल झालेलं. 'बारसं करू,' तिने ठरवलं, 'आहेरात चार दाणे तरी येतील.' आदल्या दिवशी सकाळीच कोल्हा, कावळा, माकड दारात हजर.

"एक कागद दे बाई."

"अहो, आज तरी राहू द्या. हात उचलवत नाही मला."

"वा! तुझ्याच बाळाच्या आहेराला हवाय, आणि तूच नाही म्हणतेस?" कोल्हा म्हणाला.

वाद घालायचंही त्राण तिच्यात नव्हतं. तिने भेंडी चिरायला घेतली.

बारसं झालं, पाहुणे गेले. खारीने घाईघाईने पहिला आहेर फोडला. पाला. दुसरा फोडला, त्यातही पाला. एवढा मोठा ढीग, आणि त्यात एक दाणा नाही! आपल्याच हातच्या कागदांच्या पसाऱ्यात बसून ती रडली. इतक्यात म्हातारं कासव धापा टाकत आलं. त्याच्या पाठीवर पळसाच्या पानात बांधलेल्या भुईमुगाच्या शेंगा होत्या.

"रागावू नकोस हो पोरी, आहेर असा पानातच आणलाय," कासव ओशाळून म्हणालं. "काल कागद मागायला आलो होतो. पण तू ठसा हातात धरूनच पेंगत होतीस. म्हटलं, कशाला उठवा?"

खारीला आणखीच रडू आलं. पण शेंगा फोडता फोडता ती खातही होती. संध्याकाळपर्यंत तिला पान्हा फुटला आणि पिल्लू पोटभर पिऊन झोपलं.

दुसऱ्या दिवशी कोल्हा पुन्हा आला. "सशाकडे लग्न आहे. एक कागद दे पाहू चटकन."

"कागद दुकानामागे पडलाय, भेंड्या मळ्यात आहेत," खार आतूनच म्हणाली. तिने मानही वर केली नाही. "आणि मी झोपलेय."

तात्पर्य : आहेराची पारख वरच्या कागदावरून करू नये; ज्याला आपला थकवा दिसतो, तोच खरं काही देतो.