बेटावर कुणी उठायचं नाही

फार लांब नाही हं, समुद्र जमिनीत शिरून तळ्यासारखा पसरतो ना, तिथला एक राजा होता. तसा बरा होता, पण मानाला भारी हपापलेला. तो आला की सगळ्यांनी उठून उभं राहायचं. जेवत असलात तरी उष्ट्या हातांनी उभं राहायचं, बरं का.

त्याची राणी वेणू. ती त्या पाण्यातल्या बेटांवरची. एका बेटावर काचेच्या बांगड्या करायचे, एकावर मडकी, आणि वेणूच्या माहेरी लव्हाळ्याच्या चटया विणायचे. लग्नाला वर्ष झालं तरी तिला आई भेटली नव्हती. मग राजा म्हणाला, "चल, तुझी बेटं बघून येऊ."

होडी निघाली आणि वेणू राजाजवळ सरकली. ती म्हणाली, "अहो, तिथं कुणाला उठवू नका. ती बेटं हातांवर तरली आहेत. कुणाचे ना कुणाचे हात कामात चालू असावे लागतात. सगळे थांबले की बेट बुडतं."

राजा हसला. "बेट म्हणजे काय होडी आहे बुडायला?"

मग आलं बांगड्यांचं बेट. महाराज आले, उठा, अशी शिपायाने आरोळी दिली. सगळे भट्टीपासून उठले. एक म्हातारा तेवढा बसून राहिला, त्याला ऐकूच आलं नाही. त्याच्या सळईवर बांगडी फिरत होती. राजाच्या कपाळाला आठी पडली. वेणूने हात जोडले, तेव्हा कुठे त्याने म्हाताऱ्याला बसून राहू दिलं.

मग मडक्यांचं बेट. तिथंही सगळे उठले, पण एक बाई चाकावरून उठेना. शिपायाने तिला दंडाला धरून उठवलं. चाक हळू झालं, अजून हळू झालं, थांबलं. आणि पाणी आलं. लाट नाही, आवाज नाही. जवळ सरका रे, बाळांनो. पाणी उंबरठ्यावरून आत आलं आणि ओळीने मांडलेली कच्ची मडकी विरघळायला लागली. माणसं मात्र राजाकडे बघत उभीच. वेणूने राजाला ओढत होडीत नेलं, तेव्हा ती बाई परत चाकावर बसली आणि पाणी मागे हटलं.

"भरती असेल," राजा म्हणाला. पण त्याचा आवाज बारीक झाला होता.

तिसरं बेट दिसलं. राजा शिपायाला म्हणाला, "इथं ओरडू नकोस." वेणूला हायसं वाटलं. पण राजाचं छत्र लांबूनच दिसलं होतं. सगळा गाव हात जोडून काठावर उभा. वेणूची आई एकटी विणतेय या भरवशावर सगळ्यांनी काम सोडलं होतं. ती अंगणात विणत बसली होती.

तिने मान वर केली. दारात पहिल्यांदाच आलेला जावई. मग काय, जन्मभराचा नेम ती विसरली. पदर डोक्यावर घेतला, "या जावईबापू," म्हणाली आणि उठली.

पाणी घोट्यांना लागलं, मग गुडघ्यांना लागलं. झोपड्या कुरकुरायला लागल्या. वेणू धावली, पाण्यातच बसली, चाचपडत चटई धरली. पण वर्षभर राणी होऊन बसलेली बोटं ती, लव्हाळ्याची पात निसटायला लागली. पाणी तिच्या गळ्याशी आलं. बाकीचे उभेच. राजा उभा असताना बसणार कोण?

"अहो, बसा," वेणू रडत म्हणाली. "तुम्ही बसल्याशिवाय कुणी बसणार नाही. माझी आई बुडेल."

राजाने सासूकडे पाहिलं. ती भीतीने पांढरी पडली होती, तरी मानाने उभी होती. मग त्याची त्यालाच लाज वाटली. तो तसाच पाण्यात खाली बसला आणि पात हातात घेतली. त्याबरोबर आई बसली, सगळा गाव बसला, आणि ज्याला जे मिळालं ते तो विणायला लागला. पाणी गळ्यावरून छातीवर आलं, छातीवरून मांडीवर आलं, आणि आलं तसंच गुपचूप निघून गेलं.

तेव्हापासून राजा दर वर्षी सासुरवाडीला जातो. छत्र नाही, शिपाई नाही. सासूबाई मान वर न करता म्हणतात, "आलात? बसा, हे टोक धरा." राजा टोक धरतो. वेणूही सुखात, आईही सुखात.

आता तुम्हीही डोळे मिटा. मी थोपटतेय ना, माझा हात चालू आहे. कुणी उठायचं नाही.